वरसोलकर बाईंची मार्ता

वरसोलकर बाई माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायच्या. नवीन माणसाला वाटायचं, आपल्या कानाला काहीतरी लागलंय. मी अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या माझ्याकडे अशाच बघत राहिल्या आणि मी रुमालानं दोनदा कान पुसला. तेव्हा त्या हसल्या.

"अगं, स्वच्छ आहे. मी नुसती बघत होते. तोंड माणूस दिवसभर बदलत असतो, कान बिचारा आहे तसा राहतो."

त्या चित्रकला शिकवायच्या. उंच, सावळ्या, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल शोधत त्या वर्गभर फिरायच्या आणि पोरं मुद्दाम सांगायची नाहीत. त्यांच्या तासाला खोडरबराला बंदी होती. "चुकलेली रेघ राहू दे," म्हणायच्या, "तिच्या शेजारी बरोबर काढ. तिला पुसलंस तर बरोबर कुठून काढायची ते कसं कळणार?" मुलांच्या वह्यांमध्ये त्यामुळे एका आंब्याला चार-चार कडा असायच्या. तपासायला आलेले साहेब वैतागायचे. बाईंना तो आंबा हलतोय असं वाटायचं आणि त्या खूश व्हायच्या.

पूर्ण नाव रिबेका वरसोलकर. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले आपले मराठी बोलणारे यहुदी. पण हे शाळेत फारसं कुणाला उमगलेलं नव्हतं. मुख्याध्यापक दर नाताळात न चुकता त्यांच्या टेबलापाशी येऊन शुभेच्छा द्यायचे. बाई उभ्या राहून हात जोडायच्या. मी एकदा म्हटलं, "सांगत का नाही त्यांना?" तर म्हणाल्या, "एवढं मनापासून देतायत, परत कशाला करायचं?"

पुढे आम्ही दोघींनी बदलापुरात बेलवलीला एकाच इमारतीत घरं घेतली. भिंतीला भिंत. मी मूळची बदलापूर गावातली, शेतकऱ्याघरची. मला ती इमारत म्हणजे आमच्याच भातशेतीवर कुणीतरी ठेवलेली पेटी वाटायची. बाईंना मात्र ती आवडायची, कारण त्यांच्या खिडकीतून डोंगर दिसायचे आणि दुपारचं ऊन भिंतीवरून सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यात जायचं. बाईंनी लग्न केलं नाही. आईवडील गेले, बाकीचे नातलग इस्रायलला गेले. भाचा तिथून फोनवर सारखा बोलवायचा. "येईन रे," म्हणायच्या, आणि तिकडे कढीपत्ता मिळतो का ते विचारायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी, त्यांचा शनिवारचा पवित्र विसावा सुरू होताना, त्या काचेच्या ग्लासात पाणी घालायच्या, वर खोबरेल तेल सोडायच्या आणि वात लावायच्या. मी त्या वेळी पलीकडून जायचे. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटी नळी होती, तिला बोट लावून ते ओठांना लावायची मलाही सवय झाली होती. आत दिव्याच्या उजेडात समोरच्या भिंतीवर एक मुलगी दिसायची.

कोळशानं काढलेलं चित्र होतं ते, करड्या पुठ्ठ्यावर. अकरा-बारा वर्षांची मुलगी, खिडकीशी बसलेली, मान किंचित वळवलेली. केस आणि फ्रॉकची कॉलर भराभर काढलेली, चेहरा मात्र कुणीतरी खूप हळू काढलेला. ग्लासातली ज्योत हलली की तिच्या गालावरची सावली हलायची. कितीतरी शुक्रवार मला वाटत होतं, ही बाईंची लहानपणची तसबीर. हनुवटी तीच होती. एकदा तसं म्हणालेही.

बाई म्हणाल्या, "हनुवटी माझी आहे. मुलगी मार्ता आहे."

मग ती हकिकत त्यांनी मला सांगितली. एका बैठकीत नाही. थोडी या शुक्रवारी, थोडी त्या.

बाईंचे वडील अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. घर कारखान्याजवळच. सगळ्या घराला गंधकाचा वास, अगदी उशीलासुद्धा. काडेपेटीवरची चित्रं काढायला कारखान्यात एक गोरा माणूस होता. त्याचं नाव एमिल. तिशीतला, पण केस पांढरे. वाघ, जहाज, कमळ, घोडा असली चित्रं तो काढायचा. तो प्रागचा. तिकडे नाझींनी यहुद्यांना पकडायला सुरुवात केली त्याच्या थोडं आधी तो बोटीनं मुंबईला निघून आला होता. मागं आई, वडील आणि थोरली बहीण मार्ता. पुढच्या बोटीनं येतो म्हणाले होते.

पुढची बोट मिळाली नाही. युद्ध संपल्यावर कुणीकुणी शोध करून कळवलं, की तिघंही छावणीत मारले गेले.

वडिलांना कारखान्यात कळलं की हा आपल्यातला आहे. शुक्रवारी त्याला जेवायला घेऊन आले. एमिल दारात उभा राहिला तो उभाच. समोर नऊवारी नेसलेली आजी, कपाळ मोकळं, हातात हिरव्या बांगड्या, आणि ती हिब्रू प्रार्थना म्हणतेय. त्याला ते खरंच वाटेना. जेवताना नारळाच्या दुधातलं मटण त्यानं दोनदा घेतलं आणि मग वडिलांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. वडील आजीला मराठीत म्हणाले, "तो विचारतोय, इथं इतकी वर्षं राहिलात, तुम्हाला कधी कुणी काही केलं नाही?"

आजी म्हणाली, "कोण करणार? आम्ही तेल गाळायचो. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गाव शनिवार तेली म्हणायचं. एवढंच."

वडिलांनी ते त्याला सांगितलं. एमिलनं ताटावर हात ठेवले आणि तो रडायला लागला. छोटी रिबेका समोरच बसली होती. मोठा माणूस ताटावर रडताना तिनं पहिल्यांदा पाहिला. आजीनं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "त्याला भात वाढ."

तेव्हापासून तो दर शुक्रवारी यायला लागला. रविवारीही. रिबेकाला कोळसा धरायला त्यानंच शिकवलं. त्याला मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी येत नव्हतं. बाजारातलं थोडं हिंदी आणि बाकी हातवारे. खोडरबर त्याच्याकडे नव्हतंच.

एक दिवस आईनं विचारलं, "बहीण कशी दिसायची?" फोटो त्यानं आणला नव्हता. बहीणच येणार होती, फोटो कशाला आणायचा? त्यानं कारखान्यातला पुठ्ठा घेतला आणि काढायला बसला. केस आले. खांदे आले. कॉलर आली. मग कोळसा थांबला. पुठ्ठ्यावर चेहऱ्याच्या जागी नुसती करडी जागा. तो वडिलांना म्हणाला, "चेहरा सुटला माझ्या हातून." मोठेपणची मार्ता त्याला आठवतच नव्हती. आठवत होती ती लहानपणची, खिडकीत बसलेली, आणि तीही नीट नाही.

ते पुठ्ठ्याचं अर्धं चित्र कपाटामागे पडून राहिलं. मग एका रविवारी रिबेका कशावरून तरी रुसून खिडकीत जाऊन बसली आणि हाक मारल्यावर तिनं नुसती मान वळवली. एमिल उठून उभा राहिला. "हिलो मत," तो म्हणाला. "हिलो मत, प्लीज."

"कितीतरी रविवार मी तशी बसले," बाई सांगायच्या. "बाहेर मुली सागरगोटे खेळायच्या, मला आवाज यायचे. तो माझ्याकडे बघायचा, पण बघायचा कुणाला कोण जाणे. मला वाटायचं माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. मी वळून बघायचे तर मागे नुसती खिडकी."

चित्र झालं तेव्हा आजी म्हणाली, ही तर आमची रिबेका. आई म्हणाली, नाही, कुणीतरी वेगळीच आहे. एमिलला कुणी विचारलं नाही. काही काळानं तो ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना चित्र त्यानं वडिलांच्या हातात दिलं. वडिलांना वाटलं विसरतोय. तो म्हणाला, "तिला इथेच राहू द्या. इथं तिला कुणी काही करणार नाही."

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा ग्लासातलं तेल संपत आलं होतं आणि वात तडतडत होती. खाली कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं.

एमिलची आणखी एक गोष्ट बाई सांगायच्या. तेव्हा फाळणीत सिंधमधून आलेल्या लोकांना उल्हासनगरला जुन्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. अजूनही तिथले भाग कॅम्प एक, कॅम्प दोन असेच ओळखले जातात, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. वडील एमिलला आणि रिबेकाला घेऊन तिथल्या बाजारात कापड घ्यायला निघाले. टांगेवाला ओरडत होता, "कॅम्प! चलो कॅम्प!" एमिलला तेवढाच शब्द कळला. त्यानं वडिलांची बाही पकडली आणि जागचा हलेना. वडिलांनी किती समजावलं. शेवटी रिबेकाचा हात धरून तो टांग्यात बसला. तिचा हात त्यानं इतका दाबला की बोटं पांढरी पडली. तिथं पोचल्यावर बघतो तर बराकींवर पापड वाळत घातलेले, एक बाई भजी तळतेय, पोरं गोट्या खेळतायत. एमिल एका बराकीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला आणि दाराकडे बघत बसला. मग वडिलांना म्हणाला, "कडी आतून आहे."

परतीच्या वाटेवर त्यानं रिबेकाला भजी घेऊन दिली.

या उल्हासनगरनंच पुढे बाईंना त्यांचं खरं काम दिलं, असं मला वाटतं. शाळा सुटल्यानंतरच्या, म्हणजे निवृत्तीनंतरच्या वर्षांतलं. कॅम्प चारमध्ये पडद्याच्या कापडाचं दुकान असलेले लछमन काका म्हणून होते. त्यांची नात बाईंची जुनी विद्यार्थिनी. बाई चेहरे काढतात हे तिच्याकडून कळल्यावर ते एका दुपारी बेलवलीला आले. पंच्याहत्तरी उलटलेले, पांढरा सदरा, धाप लागलेली.

"टीचर," म्हणाले, "मेरी अम्मा का फोटो नहीं है. मी सहा वर्षांचा होतो. आम्ही इधर आलो आणि ती कॅम्पातच गेली. घरात सगळ्यांचे फोटो लावलेत, तिची जागा रिकामी ठेवलीय. तुम्ही काढाल?"

बाई त्यांच्या कानाकडे बघत राहिल्या आणि हो म्हणाल्या.

मीही बरोबर जायचे. त्यांच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी यायचं, मग गोष्ट. बाईंनी सगळ्या घराला ओळीनं बसवलं. मुलीची हनुवटी, बहिणीच्या मुलाचं कपाळ, नातीच्या भुवया. काकांना काय आठवत होतं? नाकातली नथनी. ओढणीचा वास. बाकी धुकं. चित्र पुढे सरकलं की ते मान हलवायचे, "नहीं. ये कोई और है." घरातली माणसं कंटाळली. सून हळूच मला म्हणाली, "भाभी, टीचरला सांगा, आता जसं झालं तसं देऊन टाका. यांना काय कळणार?"

बाईंनी ते ऐकलं असावं. त्यांनी कोळसा खाली ठेवला आणि काकांना विचारलं, "आई रागावली की काय करायची?"

काका विचारात पडले. मग म्हणाले, "मारती नहीं थी. बस, ऐसे करती थी." आणि त्यांनी खालचा ओठ दातांत धरून भुवया वर केल्या.

"तसेच राहा," बाई म्हणाल्या. "हलू नका."

सत्तर वर्षं तो ओठ त्यांच्याच तोंडात होता. बाईंनी तो काढला. काका उठून चित्राजवळ आले, जरा लांब गेले, परत आले. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "थोड़ी कमज़ोर लग रही है." आणि बाई म्हणाल्या, "प्रवास करून आलीय ना."

त्यानंतर उल्हासनगरातले म्हातारे एकेक करून येऊ लागले. कुणाचा भाऊ, कुणाची लहान बहीण. ज्यांच्याकडे त्यांच्या माणसाचा फोटो आहे त्यांना बाई परत पाठवायच्या. मी एकदा लाडानं म्हटलं, "माझं काढा की." "तुझं कशाला?" म्हणाल्या. "तू आहेस."

मग दोन-तीन वर्षांपूर्वी परदेशातून एक बाई आल्या. भाच्यानं भिंतीवरच्या चित्राचा फोटो कुठंतरी पाठवला होता. छावण्यांमध्ये मारल्या गेलेल्यांचे चेहरे जपणाऱ्या एका संग्रहालयातल्या त्या होत्या. चांगल्या होत्या, मध्यमवयीन, उन्हानं लाल झालेल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी चष्मा पुसला. चहा थंड झाला तरी हातातच.

"मार्ताचा दुसरा कुठलाच फोटो नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडे तिचं फक्त नाव आहे. हा तिचा एकुलता एक चेहरा."

मी बाईंकडे पाहिलं. एवढं ऐकून गप्प बसल्या असत्या तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मार्ताला तिथल्या भिंतीवर जागा मिळाली असती.

"यातली हनुवटी माझी आहे," बाई म्हणाल्या. "कदाचित नाकही. मीच बसले होते. त्याला ती आठवत नव्हती."

पाहुण्या बाई खाली बसल्या. "मग ही मार्ता आहे असं आम्हाला म्हणता येईल?"

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर हेच विचारत आलेय."

तरीही त्यांना चित्र हवं होतं. तिथं हवा-उजेडाची काळजी घेतात, इथल्या दमटपणात पुठ्ठा टिकायचा नाही, आणि इथं तिला बघणार कोण?

"मी बघते ना," बाई म्हणाल्या. मग एमिल जाताना काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं. पाहुण्या बाईंनी पुन्हा मागितलं नाही. निघताना बाईच त्यांना म्हणाल्या, "मी दुसरं काढून देते. यावरून. वेळ लागेल, डोळ्यात मोतीबिंदू आहे."

दिवाळीला सुरू केलं ते होळीपर्यंत चाललं. ऊन भिंतीवर असेल तेवढाच वेळ काम. मी भाजी निवडत पलीकडे बसायचे. कोळशाचा खर्रखर्र आवाज, मध्येच थांबणारा. त्या दिवसांची आठवण मला झोपेत ऐकलेल्या आवाजासारखी येते, कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते कळत नाही. बाई थकल्या होत्या. एका रेघेशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी. डोळे त्यांनी शेवटी ठेवले होते.

एका दुपारी भिंतीवर थाप पडली. त्यांची हाक मारायची तीच रीत होती. मी पिठाचे हात तसेच घेऊन गेले. बाई स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही चित्रं समोर.

"सुनंदा, हे डोळे माझे नाहीत."

मला आधी कळलं नाही.

"मी काढून बघितलं ना आत्ता. हात तिथं गेला की कळतं. मी कुणाकडे असं बघितलंच नाही कधी. मी शेंडेफळ, माझ्यामागे कुणी नव्हतं. हे थोरल्या बहिणीचं बघणं आहे. धाकटा भाऊ काहीतरी उद्योग करतोय आणि ती आता ओरडणार आहे, पण हसू येतंय तिला. बघ. बघ ना."

मी बघितलं. खरंच तसं होतं. इतके शुक्रवार समोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

"चेहरा सुटला म्हणाला होता," बाई म्हणाल्या. "नव्हता सुटला. माझ्याकडे बघता बघता त्याला सापडली ती. ती आहे इथं." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. कोळशाच्या हातानं डोळे पुसल्यामुळे चेहरा काळा झाला. मी हसले, मग त्याही हसल्या, मग पुन्हा रडल्या.

दुसरं चित्र परदेशी गेलं. तिकडून भिंतीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: मार्ता, भावाच्या आठवणीतून, समोर बसली होती रिबेका, अंबरनाथ. बाईंनी भिंग घेऊन ते वाचलं आणि म्हणाल्या, "अंबरनाथचं स्पेलिंग चुकलंय."

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. दुपारी आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. भाचा आला, ठाण्याच्या सिनेगॉगमधली माणसं आली, सगळं रीतीप्रमाणं झालं. भाचा सामान आवरताना चित्र काढून माझ्याकडे आला. मराठी त्याचं आईकडून आलेलं, जरा जुनं. "बाईसाहेब," म्हणाला, "मावशी म्हणाली होती, ही हितंच राहील." आता ती माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. येणारे-जाणारे विचारतात, ही कोण? मी सांगते, मार्ता. बदलापूरला असते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घरात नाही. त्या जायच्या आदल्या दिवशी मी स्टेशनजवळ फळं घेत होते. रस्त्यावर नेहमीची गर्दी, धूळ, उन्हात सगळंच जरा पिवळं दिसत होतं. एक शेअर रिक्षा समोर अडकली होती आणि आत मागच्या सीटवर बाई होत्या. शेजारी एक अनोळखी मुलगी, दोन्ही हातांवर ओली मेंदी, हात पुढे धरून बसलेली. बहुतेक कुणाच्या तरी लग्नाला निघाली असावी. बाईंच्या मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा होता आणि त्या एकेक दाणा सोलून त्या मुलीच्या तोंडात घालत होत्या. मुलगी हसत होती, तोंड भरलेलं. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि बाई तिला आधी चावून घे म्हणून खुणावत होत्या.

मी हात वर केला. बाईंचं लक्ष नव्हतं. गर्दी थोडी सुटली, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि रिक्षा बेलवलीच्या दिशेनं वळली.